तुमच्या हातची वेणी

अप्पा, तुम्ही घातलेली वेणी अजून माझ्या पाठीवर आहे.

तुमचं तेरावं झालं. पाहुणे आपापल्या गावी परतले, मांडववाला खुर्च्या घेऊन गेला, तुमच्या साकेत नगरच्या घरात पुन्हा नळाचा आवाज ऐकू यायला लागला, आणि वेणी तशीच आहे. स्मशानातून आल्यावर सगळ्यांनी डोक्यावरून पाणी घेतलं. मी न्हाणीघराचं दार लावलं, डोक्यावर प्लास्टिकची टोपी चढवली, खांद्याखाली बादली रिती केली आणि वर चार थेंब शिंपडले. शास्त्राप्रमाणे मी अजून सुतकातच असणार. असू दे.

पण ही अशी राहू शकत नाही, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार? वरचे केस सुटायला लागलेत, कानामागे लोकरीसारख्या गाठी धरताहेत. आणखी थोडे दिवस गेले की आत जट होईल, मग कंगवा चालणार नाही, कात्रीच लागेल. म्हणजे मला दोनच रस्ते आहेत. एक तर वेणी सोडायची आणि तुमच्या हातचं शेवटचं काम मोडून टाकायचं. नाहीतर मानेपाशी कापून ती अख्खी जपून ठेवायची आणि केस घालवून बसायचं. केसांच्या बाबतीत मी आजवर सल्ला विचारला तो तुम्हालाच, म्हणून आताही तुम्हालाच लिहितो आहे.

सासरा जावयाची वेणी घालतो, हे कुणाला सांगितलं तर आधी हसूच येतं. त्यात तुमच्या डोक्यावर एक केस नाही. देवाने तुमच्या वाटणीचा कोटा माझ्याकडे वळवला, असं तुम्हीच पाहुण्यांना सांगायचात, आणि ते सांगताना माझ्या डोक्याकडे अशा नजरेने बघायचात की तक्रार आहे की अभिमान, ते कळू नये.

मी ग्वाल्हेरचा. आमच्या घरात माझे केस म्हणजे एक आपत्ती होती. दाट, राठ, कुरळेही म्हणता येणार नाहीत आणि सरळ तर नाहीतच, प्रत्येक केसाला वेगळीकडे जायचं असायचं. न्हावी महिन्याला मशीन फिरवायचा आणि घरच्यांना हायसं वाटायचं. शाळेत मला झाडू म्हणायचे. दातांच्या कॉलेजात शिकायला घराबाहेर पडलो आणि पहिल्यांदा कुणी कापा म्हणायला नव्हतं, तेव्हा ते वाढले. खांद्याखाली आले, मग पाठीवर आले. आपल्या डोक्यावर काहीतरी अचाट आहे हे मला तेव्हा कळलं. त्याचं करायचं काय, हे मात्र कळलं नाही. पुरुषाने हे कुणाला विचारायचं? सलूनमध्ये विचारलं की कात्री उचलायचे. बायकांच्या पार्लरमध्ये विचारायला गेलो तर मुली हसल्या आणि सरळ करून देतो म्हणाल्या. शेवटी मी रबर बांधून ते तसंच सोडून दिलं. आत जंगल माजलं होतं.

मंजिरीला मागायला मी तुमच्या घरी आलो, तेव्हा गोत्रापासून क्लिनिकपर्यंत सगळ्या प्रश्नांची उत्तरं पाठ करून आलो होतो. तुम्ही पोह्यांची बशी पुढे सरकवलीत आणि विचारलंत, हे वाळायला किती वेळ लागतो. मी म्हटलं, रात्री धुतले तर सकाळी आतून ओलेच असतात. तुम्ही मान डोलावलीत आणि पुढे काहीच विचारलं नाहीत. नंतर स्वयंपाकघरात तुम्ही मंजिरीला म्हणालात की मुलगा बरा आहे, पण डोक्याचं काय. ती म्हणाली, डोकं चांगलं आहे, वरचं नंतर बघू. हे तिने मला लग्नानंतर सांगितलं, आणि पुढे कित्येक वर्षं भांडणात वापरलं.

तुमचा हात माझ्या केसांना पहिल्यांदा लागला तो भर मांडवात. मुंडावळ्यांचे मोती केसांत असे गुंतले होते की सोडवता येईनात. जेवणाच्या पंगती खोळंबल्या, गुरुजी घड्याळ बघायला लागले. माझी आत्या कात्री घेऊन आली. मुंडावळ्या कापायच्या नाहीत म्हणून मंजिरीच्या आई अडल्या, मग आत्याने सरळ माझे केस कापायला घेतले. तेव्हा तुम्ही मध्ये आलात. चष्मा कपाळावर सरकवलात आणि म्हणालात, “दोराही कापायचा नाही आणि केसही नाही. मला खुर्ची द्या.” आणि भरल्या मांडवात मुलीचा बाप नवऱ्यामुलाच्या डोक्याशी बसून एकेक मोती सोडवत राहिला. लोक जेवून गेले तरी तुम्ही बसलेलेच होतात. सगळे मोती निघाल्यावर तुम्ही हातातल्या माझ्या एका बटेला हलकेच ताण दिलात, सोडलीत, ती उडी मारून परत गोळा झाली ते बघितलंत आणि स्वतःशीच काहीतरी पुटपुटलात. मला ते ऐकू आलं नाही.

कारखान्यात तुमची सगळी हयात वाइंडिंग शॉपमध्ये गेली. ट्रान्सफॉर्मरच्या आतली तांब्याची वेटोळी, त्यांच्यावर गुंडाळलेली कापडी पट्टी, वॉर्निश, ताण, हे तुमचं जग. हे मला ठाऊक होतं, पण त्याचा माझ्या डोक्याशी काही संबंध असेल असं मात्र वाटलं नव्हतं.

मग शाहपुऱ्याच्या तलावाकडच्या उतारावर माझी स्कूटर घसरली आणि उजव्या खांद्याचं हाड मोडलं. मंजिरी तेव्हा ऑफिसच्या ट्रेनिंगला जबलपूरला होती. तुम्ही मला साकेत नगरला घेऊन आलात. हात गळ्यात बांधलेला, क्लिनिक बंद, आणि डोक्यावर हा पसारा. डाव्या हाताने मला साधं रबर लावता येईना. थोड्याच दिवसांत खाज सुटली, गुंते झाले. आई येता-जाता बघायच्या आणि नजर वळवायच्या. त्यांच्या पिढीत सासूने जावयाच्या डोक्याला हात कसा लावायचा? जेवायला वाढतानासुद्धा त्या अर्धा पदर पुढे घेऊन वाढतात. शेवटी त्यांनी तुम्हाला सांगितलं, तुम्हीच बघा काहीतरी.

तुम्ही म्हणालात, न्हाव्याला बोलावतो. मी हो म्हटलं. खरंच म्हटलं. दुखण्याने मी इतका कंटाळलो होतो की सगळं काढून टाका, असंच मनात होतं. तुम्ही चपला घातल्यात, फाटकापर्यंत गेलात, आणि परत आलात. हात साबणाने धुतलेत, मागच्या व्हरांड्यात स्टूल ठेवलंत, त्याच्यापुढे मला वेताच्या बुटक्या मोढ्यावर बसवलंत. म्हणालात, आधी बघू तर दे काय माल आहे.

माझ्याच बॅगेतलं भिंग घेऊन तुम्ही माझा एक केस उन्हात धरलात. तो बोटांत फिरवून बघितलात. मग माझ्यासमोर येऊन उभे राहिलात. तुमचा चेहरा मला अजून दिसतो. नवीन मशीनचं खोकं फोडताना लहान मुलाचा होतो तसा झाला होता.

“अहो डॉक्टरसाहेब, हा गोल वायर नाही. ही पट्टी आहे.”

मग पुन्हा मागे स्टुलावर बसून तुम्ही मला समजावलंत. गोल तार कुणीकडेही वळवा, वळते. तांब्याची चपटी पट्टी आपल्या मर्जीने वळते, आडवं वळवायला गेलं की पीळ घेते आणि उसळते. आजवर सगळ्यांनी माझे केस गोल तार समजून ओढले, म्हणून ते बंड करत होते. त्यांच्या वळणाने घेतलं तर ते शहाण्यासारखे वागतील. मी दातांचा डॉक्टर. शरीराबद्दल मला पुष्कळ शिकवलं गेलं होतं. पण माझे केस बिघडलेले नाहीत, ते फक्त वेगळ्या घडणीचे आहेत, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. तुमच्याकडे पाठ करून बसलो होतो म्हणून बरं झालं, कारण माझे डोळे भरून आले होते.

त्या दिवशी तुम्ही दुपारभर गुंता सोडवलात. टोकाकडून वर. आधी शेवटचं बोटभर मोकळं करायचं, मग त्याच्या वरचं, वरून कंगवा घालायचाच नाही. कंगवा तुम्हाला पसंत पडला नाही. त्याच्या एकेक दाताच्या कडेवरून तुम्ही अंगठा फिरवलात, म्हणालात याला कुसळं आहेत, पट्टीला अशी कड लागली की ती आतून चिरते. दुसऱ्या दिवशी लाकडी कंगवा आणलात आणि बारीक पॉलिश पेपरने त्याचे दात घासत बसलात. टॉवेल बंद केलात आणि तुमचा जुना, धुऊन धुऊन मऊ झालेला बनियन माझ्या डोक्याला गुंडाळलात. सासऱ्याचा बनियन डोक्यावर बांधून व्हरांड्यात बसलेला जावई बघून शेजारच्या तिवारीजींनी कुंपणावरून विचारलं, “क्या हुआ, डॉक्टर साहब के सिर में भी लगी क्या?” तुम्ही म्हणालात, “नहीं जी, सर्विसिंग चल रही है।”

आणि ते जवस. केसांना काय लावायचं यावर तुम्ही विचार करत होतात आणि एका सकाळी स्वयंपाकघरात जवस उकळत होतं. वॉर्निशमध्ये जवसाचं तेल असतं, त्याची पकड तुम्हाला ठाऊक होती. बी उकळल्यावर जो बुळबुळीत चीक सुटतो तो तुम्ही आईंच्या चहाच्या गाळणीतून गाळलात. गाळणी गेली. आई दोन दिवस तुमच्याशी नीट बोलल्या नाहीत. पण तो चीक ओलसर केसांना लावून तुम्ही बटा हाताने दाबत गेलात, आणि वाळल्यावर मी आरशात बघितलं तर माझ्या डोक्याभोवतीचं ते धुरकट वलय नाहीसं झालं होतं. तिथे लाटा होत्या. मला तोवर माहीत नव्हतं की माझ्या केसांना लाटा आहेत. मी आरशासमोर उभा राहिलो आणि तुम्ही माझ्या मागे उभे राहिलात, आणि आपण दोघं कितीतरी वेळ नुसते बघत होतो. एवढ्या वर्षांत आपण दोघांनी मिळून बघितलेली सगळ्यात सुंदर गोष्ट तीच असावी.

वेणी तुम्ही सगळ्यात शेवटी शिकलात. तुम्हाला येत नव्हती. मंजिरीच्या शाळेच्या वेण्या आई घालायच्या, तुमची सकाळची शिफ्ट असायची. पण तीन पेड हातात घेतल्यावर तुम्ही थबकलात आणि म्हणालात, अरे, हे तर आमचंच काम आहे. मोठ्या कॉइलमध्ये शेजारी शेजारी पट्ट्या जातात. एकच पट्टी कायम आत राहिली आणि एक कायम बाहेर, तर एकीवर भार येतो आणि ती तापते. म्हणून त्यांच्या जागा मध्येमध्ये बदलाव्या लागतात, प्रत्येकीला आत-बाहेर सगळीकडून फिरवून आणावं लागतं. वेणीत बायका हेच करत आल्यात, असं म्हणून तुम्ही माझे केस हातात धरून हसत सुटलात. आईंना हाक मारून हे सांगितलंत. आई म्हणाल्या, एवढी वर्षं माझ्या केसांना कधी हात लावला नाही, आणि आता जावयाच्या डोक्यात कारखाना सापडला.

तुम्ही मला कायम अहो-जाहो केलंत. जावयाचा मान. पण केस हातात असले की तुमच्या तोंडून तू यायचं. मान हलवू नकोस. सरळ बस. झोप येतेय का तुला? केस बांधून झाले की तुम्ही पुन्हा डॉक्टरसाहेब म्हणायचात. मी हे तुम्हाला कधी दाखवून दिलं नाही, कारण दाखवलं असतं तर तुम्ही संकोचला असतात आणि माझं तू गेलं असतं.

हाड जुळलं, मंजिरी परत आली, आम्ही घरी गेलो. माझा हात आता चालत होता, डॉक्टरांनी व्यायामसुद्धा बंद केले होते. रविवारी सकाळी तुमचा फोन आला. “येताय ना? जवस उकळलंय.” बस, एवढंच. तेव्हापासून मी रविवारी तुमच्या व्हरांड्यात. पावसाळ्यात हवेत पाणी वाढलं की माझे केस दुप्पट फुगायचे, तेव्हा तुम्हाला विशेष आनंद व्हायचा. दोन्ही हातांच्या ओंजळीत मावत नाहीत म्हणायचात. माझ्या स्वतःच्या वडिलांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवल्याचं मला आठवत नाही. ते वाईट नव्हते, त्यांना ते सुचत नव्हतं. तुमच्या स्टुलाखाली बसून मला जे मिळालं ते मी मागायला गेलो असतो तर शब्दही सापडले नसते.

आपलं एक भांडण राहिलंच. मी म्हणायचो, असे केस ओलेच सोडवायचे, चीक लावून, वाळल्यावर ते तुटतात. तुम्ही म्हणायचात, ओला केस कमजोर असतो, त्याला कंगवाच लावायचा नाही. मी मोबाइलवर दाखवायचो, तुम्ही म्हणायचात मोबाइलच्या डोक्यावर केस आहेत का. शेवटी ठरलं की एका रविवारी अर्धं डोकं ओलं सोडवायचं, अर्धं वाळल्यावर, आणि तुटलेले केस पांढऱ्या कागदावर ठेवून बघायचं. तुम्ही कागदसुद्धा आणून ठेवला होता. ते राहून गेलं. मी जिंकलो असतो, असं मला अजूनही वाटतं, आणि तुम्ही ते कबूल केलं नसतं.

त्या रविवारी तुम्ही वेणी घातलीत आणि बुधवारी सकाळी गेलात.

मंजिरीने अग्नी दिला. इंदूरहून आलेल्या तुमच्या धाकट्या भावाने दहाव्याला क्षौर केलं. तिवारीजी मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले की बेटा नाही तर दामादनेच बाल द्यायला हवेत. गुरुजी म्हणाले जावयाला बंधन नाही, इच्छा असेल तर करा. मी काकांच्या मागे उभा होतो. केस द्यायला माझी ना नव्हती, अप्पा. तुमच्यासाठी मी दिले असते. पण त्या केसांत तुमची वेणी होती. न्हाव्याने वस्तरा पुसत माझ्या पाठीकडे बघितलं आणि म्हणाला, “भाई साहब, कटवानी हो तो बता देना। दोनों सिरे धागे से बाँध के काट दूँगा, सालों ऐसी की ऐसी रहेगी।”

तेव्हापासून ते डोक्यात बसलं. मंजिरीने ऐकलं होतं. घरी आल्यावर ती म्हणाली, “काप. अप्पांच्या हातचं दुसरं काय उरलंय आपल्याकडे?” तिचं खरं आहे. तुम्ही केलेल्या कॉइल कुठल्या कुठल्या शहरांत लोखंडी टाक्यांच्या आत तेलात बुडून आहेत, त्या कुणाला दिसणार? ही एवढी दिसते. रोज सकाळी ती माझ्यामागे येऊन उभी राहते आणि वेणीवरून एक बोट वरून खाली फिरवते. मग कामाला लागते. आम्ही काल ठरवलं की न्हाव्याला आज बोलवायचं. जाड दोरा तिने तुमच्याच खणातून काढून ठेवला आहे.

इथवर सकाळी लिहिलं, आणि उठलो. आता दुपार आहे. पुढचं सांगतो.

न्हाव्याला फोन करून मी मागच्या व्हरांड्यात गेलो, तर तिथे आई होत्या. तुमच्या स्टुलावर बसलेल्या. तुम्ही गेल्यापासून त्या व्हरांड्यात आल्या नव्हत्या. समोर मोढा ठेवलेला होता. त्यांनी पदर कमरेला खोचला होता, डोक्यावरून घेतला नव्हता.

“बसा,” त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, न्हावी येतोय, मंजिरीला वेणी ठेवायची आहे. त्यांनी ऐकून घेतलं. मंजिरीही तोवर दारात येऊन उभी राहिली होती. आईंनी आमच्या दोघांकडे बघितलं.

“त्यांनी घातलेली प्रत्येक वेणी त्यांनीच सोडलीय,” त्या म्हणाल्या. “दर रविवारी. आधीची सोडल्याशिवाय नवी कशी घालणार? एक तरी जपून ठेवली होती का त्यांनी?”

किती वर्षं मी त्या मोढ्यावर बसलो, तुम्ही एवढ्या निगुतीने घातलेली वेणी आठवड्याने तितक्याच निगुतीने मोडत होतात, आणि ते मोडणं आहे असं मला एकदाही वाटलं नव्हतं. मी बसलो.

आईंनी पहिल्यांदाच माझ्या केसांना हात लावला. मग त्यांनी टोकाचं रबर काढलं आणि खालून पेड सोडवायला लागल्या. त्या हळू करत होत्या. तुमच्यासारखं बोलत नव्हत्या. पाठीच्या मध्यापर्यंत आल्यावर त्यांची बोटं थांबली.

“इथपर्यंत सैल होती,” त्या म्हणाल्या. “इथून वर घट्ट आहे. इथे काय झालं?”

मी सांगितलं. त्या रविवारी तिथवर आल्यावर तुम्ही म्हणालात, जरा धर, आणि तिन्ही पेड माझ्या हातात दिलेत. मी मान वाकडी करून ते धरून बसलो. तुम्ही जिन्याच्या पायरीवर जाऊन बसलात, पाणी प्यायलात. म्हणालात, आज उकडतंय फार. मग उठलात आणि उरलेली पुरी केलीत. सोडून देऊ का, असंही विचारलं होतं मी. तुम्ही म्हणालात, अर्धी कॉइल ठेवून कुणी शिफ्ट संपवतं का?

आईंनी ती जागा दोन्ही हातांच्या मुठीत धरली. सैल आणि घट्ट यांच्या मधली, बोटभर जागा. माझ्या पाठीला त्यांच्या मुठी टेकल्या होत्या, त्यांचा श्वास मानेला लागत होता. मी मागे वळून बघितलं नाही. मंजिरी येऊन त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली आणि तिनेही तिथे हात ठेवला. मग आईंनी बोटं घातली आणि तो भागही सोडला, आणि वरचा सगळा सोडला.

केस सुटले. ते कसे सुटतात, तुम्ही दर रविवारी बघत होतात, आईंनी कधी जवळून बघितलं नव्हतं. इतके दिवस आवळलेले, ते आधी वेणीच्या वळणांतच पडून राहिले, आणि मग हवा लागली तसे उठायला लागले. खांद्यांवर पसरले, वर चढले, मला दोन्ही बाजूंनी दिसायचं बंद झालं. व्हरांड्यातलं ऊन त्यांच्यातून गाळून खाली येत होतं. आईंनी मनगटापर्यंत हात आत घातले आणि ते दिसेनासे झाले.

“अगं बाई,” त्या म्हणाल्या. त्यांनी एक बट उचलून उजेडात धरली. मग म्हणाल्या, “हे एवढं सगळं ते करायचे?”

“दर रविवारी,” मी म्हटलं.

“मला वाटायचं, निम्मा वेळ दोघं गप्पाच मारता.”

अप्पा, मला तुमच्या हातांचं अप्रूप होतं, पण ते किती होतं हे मला आज त्यांच्या आवाजात कळलं. एवढी वर्षं एका घरात राहून त्यांना तुमची ही बाजू पुरती दिसली नव्हती, आणि ती आता त्यांच्या दोन्ही हातांत होती. त्या रडत होत्या आणि केस उचलून उचलून बघत होत्या. मंजिरीने जवस शोधलं. आईंनी ते उकळलं, मला विचारून विचारून गाळलं, कुठे लावायचं, किती, कोणत्या दिशेने, सगळं विचारलं. ओले सोडवायचे की वाळल्यावर, हेही विचारलं. मी म्हटलं, यावर आमचं एकमत नव्हतं. त्या म्हणाल्या, मग त्यांच्यासारखंच करू या, आणि आम्ही केस वाळेपर्यंत बसून राहिलो. भांडण तुम्ही जिंकलंत, निदान आजच्यापुरतं.

न्हाव्याला येऊ नकोस म्हणून सांगितलं. दोरा मंजिरीने परत खणात ठेवला.

मग आईंनी वेणी घातली. त्यांना वेणी एकच येते, शाळेत जाणाऱ्या मुलीची, दिवसभर खेळून आलं तरी सुटू नये अशी. पट्टी आणि गोल तार त्यांना कुणी सांगितलं नाही. त्यांनी पेड असे आवळले की माझ्या भुवया वर गेल्या. झाल्यावर त्यांनी ती हातात तोलून बघितली आणि विचारलं, फार घट्ट तर नाही झाली. मी म्हटलं, नाही.

कपाळ ताणलंय, कानामागची कातडी ओढली जातेय, हे लिहितानाही ठणकतंय. डोकं दुखतंय, अप्पा. रविवारपर्यंत दुखू दे.